४,४८० दफनं आणि जेवणाच्या वेळची एक प्रार्थना

मार्टिन रिंकार्टची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती झूमवर, मे २०२१ मध्ये. पप्पांना जाऊन नऊ दिवस झाले होते. नगरच्या घरात मी, मम्मी आणि धाकटा भाऊ एका लॅपटॉपसमोर बसलो होतो. समोरच्या चौकटींमध्ये नातेवाईक, पप्पांचे मित्र, मंडळीतले लोक. कुणीतरी माईक म्यूट करायला विसरलं होतं, त्यामुळे मधूनच कुकरची शिट्टी ऐकू यायची. बाहेरगावच्या एका प्रवचनकारांना बोलायला बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं ते असं:

जर्मनीत तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. आयलेनबुर्ग नावाच्या गावात प्लेग आला. गावातले बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले, एकटा रिंकार्ट उरला. त्यानं वर्षभरात साडेचार हजारांच्या आसपास माणसं पुरली. त्यांत त्याची बायकोही होती. आणि त्याच वर्षी, बायकोच्या कबरीवरची माती ओली असताना, तो टेबलाशी बसला आणि देवाचे आभार मानणारं एक गीत त्यानं लिहिलं, जे आजही जगभरच्या चर्चमध्ये गायलं जातं. मग आपल्याला आभार मानायला काय हरकत आहे, असं त्यांनी आम्हाला विचारलं.

मी कॅमेरा बंद केला.

ज्यांना मराठी ख्रिस्ती घरांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे 'कृतज्ञता' हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. आमचा शब्द 'उपकारस्तुती'. मूल झालं, घर बांधलं, कुणी मोठ्या ऑपरेशनमधून उठलं, की घरी लोक बोलावून उपकारस्तुती होते. दोन-तीन गीतं, एक वचन, प्रार्थना, मग चहा. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ती सर्व परिस्थितीत करायला सांगितली आहे आणि ते वचन आमच्या फ्रिजवर मॅग्नेटनं लावलेलं होतं. त्या महिन्यात मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

खरं तर राग प्रवचनकारांच्या आधीच आला होता, आणि तो मम्मीचा आला होता. पप्पांना दफन करून घरी आलो त्या संध्याकाळी तिनं जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना केली. रोजचीच, एक शब्द इकडचा तिकडे न करता: या अन्नासाठी आभार, ज्यांनी बनवलं त्यांना आशीर्वाद, ज्यांच्याकडे नाही त्यांना दे. मी ताटावरून उठले. आदल्या आठवड्यात बेडसाठी केलेले सगळे फोन माझ्या मोबाइलच्या यादीत अजून तसेच होते. आभार? कशाचे?

त्यानंतर बराच काळ आम्ही दोघी या विषयावर बोललो नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात कंपनीनं मला पाच महिन्यांसाठी लाइपझिगला पाठवलं. पहिल्याच आठवड्यात लोकलच्या नकाशावर माझी नजर एका स्टेशनावर अडकली. आयलेनबुर्ग. तोपर्यंत मी हे गाव अर्धं काल्पनिक समजत होते, प्रवचनांमध्ये येणाऱ्या गावांसारखं. ते माझ्या फ्लॅटपासून अर्ध्या-पाऊण तासावर होतं.

मग शोधायला बसले. माझ्या कामात एक सवय लागते. सिस्टीम बिघडली की कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, अमुक बदल केला म्हणून हे झालं. लॉग उघडून टाइमस्टॅम्प बघितले की कधीकधी कळतं, बिघाड त्या बदलाच्या दोन तास आधीच सुरू झाला होता. रिंकार्टच्या गोष्टीबद्दलही मला तेच करायचं होतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला ती गोष्ट खोटी ठरलेली हवी होती.

बरीचशी खरी निघाली.

रिंकार्ट १५८६ मध्ये आयलेनबुर्गमध्येच जन्मला. (आमच्या पाळकसाहेबांना मी कधी एकेरी हाक मारणार नाही, पण रिंकार्टसोबत इतके महिने काढल्यावर 'ते' म्हणणं जमत नाही.) वडील लाकडी पिंपं बनवणारे कारागीर. पोरगा लाइपझिगच्या थॉमस शाळेत शिकला, जिथे सुमारे सव्वाशे वर्षांनी बाख संगीत शिकवायला आला. पुढे धर्मशास्त्र, मग ल्यूथरच्या जन्मगावी, आइस्लेबेनला, नोकरी. ल्यूथरच्या सुधारणेवर त्यानं नाटकंही लिहिली. १६१७ मध्ये आयलेनबुर्गच्या नगरपरिषदेनं त्याला पाळक म्हणून परत बोलावलं. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं आणि त्याची जवळजवळ सगळी नोकरी त्या युद्धात गेली.

हे युद्ध प्रॉटेस्टंट विरुद्ध कॅथलिक म्हणून सुरू झालं, पण पुढे त्यात इतके राजे आणि इतके हिशेब शिरले की धर्म हे एक कारण उरलं. सर्वसामान्य माणसासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. सैन्यांना पगार वेळेवर मिळत नसे, म्हणून सैन्य ज्या मुलखातून जाई त्याच मुलखावर जगे. धान्य, गुरं, खंडणी. खंडणी दिली नाही तर आग. सतराव्या शतकातल्या दख्खनचा इतिहास शाळेत वाचलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये.

आयलेनबुर्ग मुल्डे नदीकाठी, लाइपझिग आणि टोरगाऊ यांच्या मधोमध. म्हणजे सैन्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. सॅक्सनीचा शासक आधी स्वीडनच्या बाजूनं लढत होता. १६३५ मध्ये त्यानं सम्राटाशी तह केला आणि कालचे मित्र स्वीडिश एका रात्रीत शत्रू झाले. १६३७ च्या सुरुवातीला स्वीडिश सेनापती बानेर याचं सैन्य सॅक्सनीत घुसलं. आसपासची खेडी जळू लागली तशी माणसं तटबंदी असलेल्या गावांकडे पळाली. आयलेनबुर्गला तट होता. तटाच्या आत जागा होती तेवढीच राहिली आणि माणसं कितीतरी पट झाली. मग प्लेग आला.

१६३७ या एका वर्षात तटाच्या आत सुमारे आठ हजार माणसं मेल्याचं नोंदलं जातं, त्यांत बाहेरून आलेलीच पुष्कळ. रिंकार्टचा वरिष्ठ हवापालटासाठी म्हणून बाहेर गेला आणि परत यायला तयार होईना. ऑगस्टमध्ये एका दिवशी रिंकार्टनं चार पाळकांचा अंत्यविधी केला, दोन गावातले आणि दोन खेड्यांतून आश्रयाला आलेले. त्यानंतर तो एकटा. दिवसाला चाळीस-पन्नास दफनं. एकूण आकडा सांगितला जातो तो ४,४८०. मी सवयीनं भागाकार केला. वर्षभरात पसरलं तर रोजची बारा. रोज पंचेचाळीस धरली तर शंभर दिवस. शंभर दिवस पंचेचाळीस वेळा तेच शब्द. शेवटी तेही जमेना आणि निर्वासितांना चर खणून विधीशिवाय पुरावं लागलं. बायको त्याआधीच, ८ मे रोजी, गेली होती.

इथे मी लॅपटॉप बंद करून फिरायला गेले. मला पप्पांचं दफन आठवत होतं. पीपीई किट घातलेले पाळकसाहेब, आम्ही मोजके चार जण, पाच मिनिटांत उरकलेला विधी. त्यांच्यामागे आणखी दोन गाड्या थांबल्या होत्या, म्हणून त्यांना घाई होती. तेव्हा मला त्या घाईचाही राग आला होता. त्या महिन्यात त्यांनी किती माणसं पुरली असतील, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

प्रवचनात रिंकार्टची गोष्ट प्लेगवर संपली होती. प्रत्यक्षात नंतर दुष्काळ आला. एका मेलेल्या मांजरासाठी किंवा कावळ्यासाठी तीस-चाळीस माणसं रस्त्यात मारामारी करताना दिसत, इतका. रिंकार्टच्या दाराशी गर्दी असे. जवळचं होतं ते त्यानं वाटलं आणि मग स्वतःच्या मुलांच्या भाकरी-कपड्यांसाठी पुढच्या काही वर्षांचं उत्पन्न गहाण टाकलं. १६३९ मध्ये स्वीडिश सैन्य पुन्हा दाराशी आलं आणि तीस हजार थालर खंडणी मागितली. रिंकार्ट रदबदली करायला गेला. ऐकून घेतलं नाही. तेव्हा तो लोकांना घेऊन तिथेच गुडघ्यांवर बसला, त्यांनी गीत म्हटलं, प्रार्थना केली, आणि सेनापतीनं खंडणी दोन हजार गुल्डनपर्यंत खाली आणली, असं सांगतात. त्यात थोडी भर पडली असेल. पण गाव वाचलं, एवढं खरं. त्या बदल्यात गावच्या कारभाऱ्यांनी त्याला छळलंच. आभाराचं गीत लिहिणाऱ्या माणसाचे आभार मानायचं त्यांना सुचलेलं दिसत नाही. १६४८ मध्ये तह झाला तेव्हा तो पार थकला होता. पुढच्या वर्षी, ८ डिसेंबर १६४९ ला, गेला.

आता टाइमस्टॅम्प.

'नून डांकेट आल्ले गॉट', म्हणजे आता सर्वांनी देवाचे आभार माना, हे ते गीत. ते केव्हा लिहिलं गेलं याच्या निदान तीन आख्यायिका आहेत. एक म्हणते १६४८ च्या शांततेसाठी. ती सहज बाद होते, कारण योहान क्र्यूगरच्या बर्लिनमधल्या गीतसंग्रहात ते १६४७ मध्येच छापलं होतं. दुसरी म्हणते १६३० मध्ये, प्रॉटेस्टंटांच्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या शताब्दीसाठी. तिसरी आमच्या प्रवचनकारांची: १६३७, प्लेग, ओली माती. पण रिंकार्टच्या ज्या प्रार्थनापुस्तिकेत हे गीत आलं असं अभ्यासक साधारणपणे धरतात ती 'येसू हर्त्स-ब्यूख्लाइन', येशूच्या हृदयाची छोटी पुस्तिका, लाइपझिगला १६३६ मध्ये निघाली होती. प्लेगच्या आदल्या वर्षी.

म्हणजे कबरीवरच्या ओल्या मातीचा आणि गीताचा संबंध नंतर कुणीतरी जोडला. मला हवं होतं ते मिळालं होतं. बग सापडल्यावर होतो तसा आनंद साधारण एक मिनिट टिकला.

कारण त्याच नोंदीत पुढे गीताचं शीर्षक होतं. आज ज्या १६६३ च्या आवृत्तीवरून अभ्यासक बोलतात तिच्यात या गीतावर मथळा आहे 'टिश-गेबेटलाइन'. जेवणाच्या टेबलावरची छोटीशी प्रार्थना.

एवढंच. बाखनं १७३० मध्ये ज्याच्यावर कॅन्टाटा रचला, मेंडेल्सोननं १८४० मध्ये जे आपल्या सिंफनीत घेतलं, ते गीत मुळात घरातल्या माणसांनी जेवणाच्या वेळी म्हणायचं होतं. शब्दही तसेच आहेत. पहिलं कडवं आईच्या अंगाखांद्यावर असल्यापासून मिळालेल्या असंख्य चांगल्या गोष्टींबद्दल आहे. दुसरं सरळ मागणं आहे: आनंदी मन दे, शांती दे, संकटांतून सोडव. भर युद्धात, अठरा वर्षं सैन्यं बघितलेल्या गावात, शांती हा शब्द पोरांनी जेवताना म्हणायचा. तिसरं कडवं पित्याची, पुत्राची आणि पवित्र आत्म्याची स्तुती, जशी सगळ्या जुन्या गीतांना असते. पहिल्या दोन कडव्यांचा साचा रिंकार्टनं सिराखच्या पुस्तकातून, पन्नासाव्या अध्यायातून घेतला. प्रॉटेस्टंटांच्या मराठी बायबलात हे पुस्तक नाही, म्हणून आमच्यापैकी बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं.

यात मला धक्का बसला तो क्रमाचा. प्रवचनातल्या गोष्टीत आधी संकट येतं आणि मग त्यातून आभार निघतात, जणू उसातून रस. त्यामुळे ऐकणाऱ्यावर एक ओझं येतं: तुझंही आता पिळलं गेलंय, तर काढ रस. तारखा बघितल्यावर उलटं दिसतं. प्रार्थना आधी होती, रोजची, कंटाळवाणीसुद्धा असेल. रिंकार्टच्या मुलांनी ती कितीदा भराभरा गुंडाळली असेल, जशी आम्ही लहानपणी गुंडाळायचो आणि आमेनच्या आधी हात भाकरीकडे जायचा. मग १६३७ आलं. ८ मे नंतर त्या टेबलावर एक जागा रिकामी होती. प्रार्थना तीच. त्या दिवसांत त्यांनी ती म्हटली का, कशी म्हटली, याची कुठे नोंद नाही आणि मी ती कल्पनेनं भरणार नाही. पण त्यानं संकटासाठी खास काही रचलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पौलाचं ते वचन मग मी ड्रॉवरमधून नाही, पण मनातल्या मनात बाहेर काढलं. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'मध्ये' या अर्थाचा शब्द आहे. प्रत्येक गोष्टीमध्ये, प्रत्येक गोष्टीबद्दल नव्हे. पप्पांच्या जाण्याबद्दल आभार मानायला कुणी सांगितलेलं नव्हतं. हे वाचून मला फार बरं वाटलं आणि लगेच पुढची खोच सापडली: इफिसकरांस पत्रात 'सर्वांबद्दल' या अर्थाचाच शब्द आहे. इतक्या सहज सुटका नाही.

आणि 'बद्दल' आभार मानणारा माणूस मला जर्मनीत शोधावा लागला नाही. रिंकार्ट आणि तुकाराम एकाच काळातले. १६३० च्या दख्खनच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला. रिंकार्ट गेला त्याच सुमाराला, १६४९-५० मध्ये, तुकोबाही गेले. तुकोबांचा एक अभंग आहे, ज्यात ते दिवाळं निघालं, दुष्काळानं पीडा दिली, बायको कर्कशा निघाली ते बरं झालं असं देवाला सांगतात. शाळेत तो मला वैराग्याचा वाटला होता. आता वाचला तर त्यात दात-ओठ खाणंही ऐकू आलं. तो कुणाच्या तोंडी घालायचा उपदेश वाटत नाही. ज्याचं गेलं त्यानंच ते म्हणावं, असा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आमच्या मराठी उपासनेत त्या पुलावरचा बराच माल आलेला आहे. तरी हा अभंग आणि रिंकार्टची प्रार्थना यांत मला फरक दिसतो. तुकोबा नुकसानीकडे बघून बोलतात. रिंकार्ट ताटाकडे बघून.

गीताचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते सगळंच काही छान नाही. १७५७ च्या डिसेंबरात लॉयथेनच्या लढाईनंतर प्रशियाच्या फ्रेडरिकच्या सैनिकांनी ते रात्री रणांगणावर गायलं, अशी आख्यायिका झाली आणि तिथून ते विजयाचं गीत बनलं. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाची घोषणा झाली तेव्हा बर्लिनच्या राजवाड्यासमोरच्या गर्दीनं हेच गायलं. सैन्यांच्या पायाखाली भरडलेल्या गावातलं, शांती मागणारं गीत, सैन्य निघालं म्हणून. त्यानंतर १९५५ मध्ये सोव्हिएत छावण्यांतून शेवटचे जर्मन युद्धकैदी फ्रीडलांडला परतले, तेव्हा त्यांनीही तेच गायलं. तोच सूर, तेच शब्द. गीताला हात झटकता येत नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी आयलेनबुर्गला गेले. गाव बघून आधी निराश झाले. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन तोफांनी गावाचा मध्यभाग जवळजवळ सगळा पाडला होता, त्यामुळे रिंकार्टच्या काळातलं फार थोडं उरलंय. साध्या, चौकोनी इमारती, सायकली, एक डोनर कबाबचं दुकान. निकोलाई चर्च मात्र त्याच जागी आहे, पुन्हा उभं केलेलं.

तो त्यांचा कापणीचा सण होता. वेदीसमोर भोपळे, सफरचंदं, बटाटे, एक मोठा पाव. मला एकदम आमचा कापणीचा सण आठवला, जिथे चर्चमध्ये ज्वारीची कणसं, मेथीच्या जुड्या, अंडी आणि एखादी ओरडणारी कोंबडी येते आणि उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव होतो. पप्पा दर वर्षी एक नारळ बाजारभावाच्या चौपट किमतीला घेऊन यायचे आणि मम्मी दर वर्षी वैतागायची. इथे लिलाव नव्हता. माणसं थोडी, बहुतेक म्हातारी. शेवटी पाटीवर आकडा लागला, ३२१, आणि सगळे उभे राहिले. मला जर्मन नीट येत नाही, पण हे गीत एव्हाना पाठ होतं. मी पहिल्या ओळीला ओठ हलवले. दुसऱ्या कडव्याशी आवाज फुटला. तिसरं मी म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलं नाही, एवढंच कारण. शेजारच्या आजींनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं, मी मान हलवून नको म्हटलं.

संध्याकाळी मम्मीला फोन केला. नगरला रात्र झाली होती, तिची भांडी चालली होती. तिला मी रिंकार्टबद्दल सगळं सांगितलं, तारखांसकट. तिला तारखांत रस नव्हता. "बायको गेल्यावर लेकरांचं कोण करायचं?" हे तिनं विचारलं. मग मी जे तीन वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. त्या संध्याकाळी तू जेवणाआधी आभार कसे मानलेस?

ती थोडा वेळ गप्प. नळ बंद केल्याचा आवाज आला.

"अगं, समोरच्या काकूंनी डबा पाठवला होता ना. त्यांच्याही घरात पेशंट होता तेव्हा. दाराबाहेर ठेवून गेल्या, बेल वाजवून. तो खायचा आणि काहीच म्हणायचं नाही?"

मी म्हटलं, मला तर डबा आठवतही नाही.

"तुला कसा आठवेल," ती म्हणाली. "तू उठून गेलीस. गवारीची भाजी होती, आणि चार पोळ्या. तुझ्या दोन मी झाकून ठेवल्या होत्या. रात्री एक वाजता येऊन खाल्ल्यास तू, अंधारातच."